खाडी फीडरचं परमिट

पेण-वडखळ रस्त्यालगतच्या सबस्टेशनात जगनभाऊ बावीस वर्षं ऑपरेटर आहेत. तेहतीस हजार व्होल्टची वीज इथं येते, ट्रान्सफॉर्मर तिला अकरा हजारांवर उतरवतो आणि चार फीडर, म्हणजे चार वेगवेगळ्या लाइनी, ती गावोगाव नेतात. लोकांना एवढंच ठाऊक, की बत्ती गेली की फोनवर जगनभाऊंना शिव्या घालायच्या. भाऊ त्या निमूट ऐकतात. गेली तीन वर्षं त्यांना शिवीही झोंबत नाही आणि लग्नातला लाडूही गोड लागत नाही. मी इथला हेल्पर, पूर्वी त्यांची खूप थट्टा करायचो. आता त्यातही मजा उरली नाही.

तीन वर्षांपूर्वी खाडी फीडरवर वायरमन मिथुन शॉक लागून गेला. कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी बंद तारेत आली, असं चौकशीत लिहिलं गेलं. त्याच्या जागी त्याची बायको नम्रता नोकरीला लागली आणि नेमकी भाऊंच्या शेजारच्या खुर्चीत बसली. भाऊंनी तिच्याकडे न बघताच तिला काम शिकवलं. एक गोष्ट मात्र रोज घोकून घेत.

"ज्यानं परमिट घेऊन लाइन बंद करवली, त्यानंच चालू करा म्हनायचं. दुसऱ्याचा आवाज चालत नाय."

परवा दुपारी वायरमन जितेशनं खाडी फीडरचं परमिट घेऊन दुरुस्तीसाठी लाइन बंद करवली. तासाभरानं नम्रतानं फोन उचलला. बोलणारा जितेशचा जोडीदार प्रविण होता. काम झालंय, चालू करा, म्हणाला. दुसऱ्या फोनवर बर्फाच्या कारखान्याचा मालक वीज द्या म्हणून बोंबलत होता. मीही शहाणपणा केला, "कर गो चालू, आपला प्रविणच हाय."

"जितेशला फोन दे," नम्रता म्हणाली.

"तो खांबावर हाय. उतरतोच हाय."

मी कारखान्याचा फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी जितेश स्वतः बोलला, तेव्हाच तिनं लाइन चालू केली.

जगनभाऊ पॅनेलवरच्या काट्याकडे बघत बसले होते. तसेच बोलले, "त्या दिशी बी दुसऱ्याचाच फोन व्हता. मी मिथुनला फोनवर बोलावला नाय. चालू केलं. जनरेटर कुनाचा नव्हता."

नम्रतानं परमिटच्या वहीत वेळ लिहिली. मग म्हणाली, "म्हनून मला रोज तेवढंच शिकवत व्हता?"

"व्हय," भाऊ म्हणाले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे पाहिलं.