नानांच्या उशाशी ठेवलेली केळी

सुकदेवनानांशी माझी ओळख पहिल्याच दिवशी केळ्यांवरून मोडण्याच्या बेतात होती.

जळगावात आमचे अत्तराचे आणि मेंदीचे दुकान. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी दुकानात बसू लागले होते, आणि ब्यूटी पार्लरच्या बायका मधमाशीच्या विषाचे क्रीम मागू लागल्या होत्या. त्याने सुरकुत्या कमी दिसतात असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. अब्बांनी चौकशी केली तेव्हा कळले की पिंपळनेरला एक नाना मधाच्या पेट्या सांभाळतात आणि माशी न मारता तिचे विष काढतात. मी एस.टी.ने निघाले. वाटेत भूक लागली म्हणून बरोबरची दोन केळी खाल्ली. नानांच्या अंगणात पाऊल टाकले, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"केळं खाईसन उनी का, पोरी?"

मी हो म्हटले.

"मंग आज ओटावरच बस. पेट्या सकायले दखू."

मला तो अपमान वाटला. मग नानांनी समजावले. माशी चिडून डंख मारते तेव्हा पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो वास आला की बाकीच्या माश्याही धावून येतात. केळ्यांच्या जिल्ह्यातल्या मुलीला हे ठाऊक नसावे, याचे त्यांना फार हसू आले. त्या दिवशी मुक्काम पडला. नानांच्या घरच्या काकूंनी वाढलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन मी त्या घरची झाले ती आजतागायत.

नानांचे काम पाहणे हे एक शिक्षण होते. पेटीच्या दाराशी ते काचेची पट्टी ठेवत. तिच्यावर बारीक तारा, तारांत बॅटरीचा अगदी मंद प्रवाह. माशी तारेवर बसली की दचकून काचेला डंख मारी आणि उडून जाई. तिची नांगी तुटत नसे, जीव जात नसे. काचेवर वाळलेला पांढरट थर नाना पात्याने खरवडत. दिवसभराचे विष चिमटीतही मावेल इतके. एका पेटीला त्रास दिला की पुढे बरेच दिवस ते तिला हात लावत नसत. कितीही मागणी असो, त्यांचे उत्तर ठरलेले होते. "त्यास्ले आराम लागस."

मी जळगावला एका शेडमध्ये क्रीम बनवू लागले तेव्हा डबीवर काय छापायचे यावरून आमचा वाद झाला. मला वर क्रीमचे नाव आणि फूल हवे होते. नानांना सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, मधमाशीची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे लावू नये, एवढेच हवे होते. मी म्हटले, असे छापल्यावर घेणार कोण? नाना म्हणाले, "आपन इख इकी राहिनूत, हाई आधी सांगानं. मंग बाकीनं." विष विकतो आहोत हे आधी सांगायचे, यावर ते ठाम होते. एका पार्लरच्या बाईंना लग्नाच्या दिवशीच नवरीला क्रीम लावायचे होते. आधी हाताच्या आतल्या बाजूला कणभर लावून एक दिवस थांबायला त्या तयार नव्हत्या. नाना तेव्हा दुकानातच होते; त्यांनी डबी बाईंच्या हातातून परत घेतली. त्या पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. 'नैसर्गिक' म्हटले की काहीही निर्धोक ठरवणाऱ्या जाहिरातींची मला जी चीड आहे, ती नानांकडून आलेली आहे.

आता जे लिहायचे टाळत होते ते लिहिते.

विष खरवडायची नानांची खोली घरामागे होती. तिथे खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हा नियम होता. मे महिन्यातली दुपार होती आणि चांगला मास्क त्या दिवशी एकच शिल्लक होता. नानांनी तो मला दिला आणि स्वतः तोंडाला रुमाल बांधला. घामाने माझा जीव कासावीस झाला, आणि सवयीने मी भिंतीवरचे बटण दाबले. पंखा फिरला. काचेवरचे सगळे पीठ खोलीभर उडाले. नानांनी मला दंडाला धरून बाहेर ढकलले, दार लावून घेतले, आणि उघड्या बाटल्या बंद करूनच ते बाहेर आले. पुढे कित्येक दिवस ते खोकत होते.

त्यानंतरच्या हंगामात कांद्याच्या बियाण्याच्या शेतात पेट्या मांडताना त्यांना एकच माशी चावली. चेहरा सुजला, श्वास अडकला, तसेच त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. ते वाचले. डॉक्टरांनी बजावले की यापुढे पेट्यांच्या जवळपासही फिरकायचे नाही. विषाची धूळ श्वासातून आत गेली तर अशी ॲलर्जी जडू शकते; हे त्या पंख्यामुळेच झाले का, ते कुणी नक्की सांगितले नाही. मला मात्र तो पंखा अजून ऐकू येतो. पंख्याचे नाव नानांनी घरातही कधी काढले नाही; गावात सांगितले, वय झाले म्हणून काम सोडले. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "पन्नास वरीस माश्या चावन्यात माले. तठे तुना पंखा काय करी?"

आज नाना धुळ्याला लेकीकडे असतात. पेट्या माझ्याकडे आहेत. त्यांना भेटायला जाताना मी आंघोळ करून, कपडे बदलून, कामाची पिशवीसुद्धा घरी ठेवून जाते, कारण कपड्यांवरच्या कणानेही त्यांना त्रास होऊ शकतो. दारातच ते विचारतात, "कपडा बदली उनी का?" मी हो म्हणते. मग ते मान हलवतात, आणि त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसतो. कोणती पेटी भरली, कुठली राणी बदलली, सगळे खोदून खोदून विचारतात. त्यांची फार आठवण येते मला, समोर बसलेले असतानासुद्धा. पिंपळनेरच्या अंगणात ते पुन्हा पेट्यांजवळ उभे दिसावेत असे वाटते, आणि तसे वाटणेही चुकीचे आहे हे कळते.

मागच्या खेपेला त्यांच्या लेकीने माझ्याकडे तक्रार केली. "नाना रोज केळी आणायला लावतात आणि खात एकही नाहीत. उशाशी ठेवतात, काळी पडेपर्यंत. टाकते म्हटलं तर रागावतात. तूच विचार त्यांना." मला विचारावे लागले नाही; खोलीत चिडलेल्या पेटीजवळ येतो तोच वास भरला होता. नानांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर खिडकीकडे वळवली.

पंचाहत्तरीच्या या प्रसंगी नानांना ठणठणीत शंभरी लाभो, त्यांचा श्वास कधी अडू नये, एवढेच मागते. त्यासाठी त्यांना पेट्यांपासून मीच लांब ठेवीन. आणि त्यांच्या लेकीला, ताईंना, या लेखातून विनंती करते की ती केळी टाकू नयेत. पुढच्या वेळी येताना मी रावेरच्या केळ्यांची फणी आणते, चांगली पिकलेली.