जागरूक सभासदाची मेल

मोठ्यांनी पाठवलेली मेल वाचायची, 'छान' म्हणायचं आणि पुढे पाठवायची. प्रश्न विचारायचा नाही. बुकित पंजांगच्या आमच्या घरात हा कायदा होता. घर मामांचं. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन पहिल्या नोकरीसाठी सिंगापूरला आलेली, त्यांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत गादी टाकून झोपणारी भाची. हा कायदा मोडायला गेले आणि असे काही दिवे लावले म्हणता! हातात चहा असेल तर आधी खाली ठेवा, सांडेल.

साल दोन हजार आठ. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक. आता मामा इथे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथे मत नाही. पुण्याच्या यादीतून नाव कधीच उडालेलं. अमेरिका त्यांनी एकदाच पाहिली, तीही विमान बदलताना काचेतून. पण आवेश असा, की तिथल्या उजव्या पक्षाचा प्रचार याच घरातून चालतो!

रोज सकाळी त्यांची मेल यायची. समोरच्या पक्षाचा तो तरुण उमेदवार आहे ना, त्याचं मधलं नाव पाहिलंत का? त्याच्या कोटावर झेंड्याचा बिल्ला का नाही? लहानपणी तो इंडोनेशियात शाळेत जायचा, तिथे काय शिकला असेल? शेवटी मोठ्या अक्षरांत: तुमच्या सगळ्या मित्रांना पाठवा.

"मामा, इंडोनेशियात शाळेत गेला, तर बिघडलं काय?"

"मी कुठे म्हटलं बिघडलं? मी फक्त प्रश्न विचारतोय."

"मग उत्तर ऐका ना."

"बघ, लगेच आवाज चढला. मोठ्यांशी बोलतेयस तू!"

ही त्या मेलवाल्यांची सगळ्यात लाडकी युक्ती. 'तो मुसलमान आहे' असा आरोप करायचाच नाही, नुसता प्रश्न सोडून द्यायचा. आरोप खोटा पाडता येतो हो, प्रश्न कसा पाडणार? तिकडे बँका कोसळत होत्या, लोकांची घरं जात होती, मामांच्या स्वतःच्या ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. आणि चर्चा कशाची? बिल्ल्याची! वर भाषणांतून 'खरे अमेरिकन' असा जप. म्हणजे बाकीचे काय, डुप्लिकेट?

आणि इंडोनेशिया म्हणजे चंद्राची मागची बाजू आहे का? इथून बोटीत बसलं की तासाभरात बाटम, त्यांचंच बेट. मामा स्वतः दर दोन महिन्यांनी तिथे मासे खायला आणि गुडघ्यांना मालिश करून घ्यायला जायचे. पण तो इंडोनेशिया वेगळा आणि मेलमधला वेगळा!

त्याच सुमाराला आमच्या मराठी मंडळाचीही निवडणूक आली. अध्यक्षपदाला मामा उभे. त्यांचं आश्वासन एकच: दिवाळीला मुंबईहून मोठा कलाकार आणू.

समोर कांबळेताई. मूळच्या नागपूरच्या, इथे संशोधक, राहायला वुडलँड्सला. दर शनिवारी त्या आपल्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत मुलांना मराठी शिकवायच्या. बाजूनं सायकली जातायत, शेजारी आजोबा बुद्धिबळ खेळतायत, आणि मधे आमची पोरं 'क कमळाचा' म्हणतायत. वर्गाला भाड्याची खोली द्या, एवढंच त्यांचं मागणं. मंडळ देईना, म्हणून बाई उभ्या राहिल्या. मी अर्थात त्यांच्या बाजूची. घरात राहून फितूर!

तर मला वाटलं, मामांना त्यांचंच औषध पाजावं. मी 'जागरूक सभासद' या नावानं नवा ईमेल उघडला आणि मंडळाच्या ग्रुपवर मेल टाकली. अगदी त्या अमेरिकन मेलच्या साच्यात. नाव कुणाचंच नाही, कारण अशा मेलमध्ये नाव घ्यायचं नसतं. नुसते प्रश्न.

दर दोन महिन्यांनी बोटीनं इंडोनेशियाला कोण जातं? मंडळाच्या गणपतीत आरती सुरू झाली की हॉलबाहेर कोण जातं? फूड कोर्टातल्या हलाल स्टॉलवाल्याला कोण मिठी मारतं? असा माणूस आपला अध्यक्ष? मी फक्त प्रश्न विचारतोय. सगळ्या मित्रांना पाठवा.

एकूण एक गोष्ट मामांची! आरती सुरू झाली की ते सिगारेट ओढायला बाहेर जातात, अख्ख्या मंडळाला माहीत. स्टॉलवाला रहीमभाई त्यांचा जिगरी दोस्त. मला वाटलं, लोक पोट धरून हसतील, मामा वरमतील, आणि 'प्रश्न विचारणं' म्हणजे काय ते सगळ्यांना एकदाचं कळेल.

कळलं? डोंबल!

दुसऱ्या दिवशी नेनेकाकांचा फोन. हे मंडळाचे सचिव, मामांचे उजवे हात. मामांनी स्पीकर लावला.

"वाचलीस का रे मेल? मी म्हणत नव्हतो? ती कांबळेबाई आरतीला कधी उभी राहते का?"

"पण त्या तर बौद्ध आहेत काका," मी मधेच तोंड घातलं. "आरती झाली की येऊन प्रसादाची पानं त्याच वाढतात."

"तेच ते! आणि इंडोनेशिया बघ. संशोधनाच्या नावाखाली जात असणार."

मामा वरमणं राहिलं बाजूला, उलट त्यांनी ती मेल ग्रुपबाहेरच्या सगळ्यांना पाठवली. स्वतःविरुद्धची मेल, स्वतःच्या हातानं! वर लिहिलं, 'अवश्य वाचा. निर्णय तुमचा.' आणि मला म्हणाले, "याला म्हणतात लिखाण. नाहीतर तुम्ही! इंजिनिअर झालात, पण एक धड मेल लिहिता येत नाही."

आठवड्याभरात शनिवारच्या वर्गाची निम्मी मुलं गळाली. रियाला ताप, ओमला पोहणं, सईच्या आईचा तर फोनच बंद. कांबळेताईंचा मला फोन आला. "अगं, मी बाटमला आजवर गेलेली नाही. मला बोट लागते. जाऊ दे, रविवारी मतदानाआधी मी नाव मागे घेते. निदान वर्ग तरी वाचेल."

शनिवारी संध्याकाळी मामा आणि नेनेकाका चहा पीत विजयाचं भाषण जुळवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"ती मेल मी लिहिली. आणि ती तुमच्याबद्दल आहे, मामा."

"माझ्याबद्दल? काहीतरीच काय! मी कशाला इंडोनेशियाला..."

मामी आतून पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग बाटमला काय मी जाते मालिश करून घ्यायला?"

मामांनी मेल पुन्हा उघडली. एकेक ओळ वाचत गेले, तसा चेहरा उतरत गेला. रहीमभाईपाशी आले तेव्हा पुटपुटले, "अगं, पण तो चांगला माणूस आहे."

"मी कुठे म्हटलं वाईट आहे? मी फक्त प्रश्न विचारला."

नेनेकाका आधी सावरले. "झालं ते झालं. आता वाच्यता नको. उद्या मतदान होऊ दे, मग तू त्यांच्या घरी श्रीखंड घेऊन जा आणि सॉरी म्हण. विषय संपला."

"मोठ्यांची अब्रू आहे ही," मामा म्हणाले.

अब्रू मोठ्यांची, आणि कांबळेताईंच्या अब्रूला श्रीखंड!

रविवारी जुरोंग ईस्टला एका कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, हॉलमध्ये सभा. पहिल्या रांगेत झाडून सगळे काका, मामा, आजोबा. कांबळेताई नाव मागे घ्यायला उठल्या, तशी मीही उठले.

"बस खाली," नेनेकाका दबक्या आवाजात म्हणाले. "मोठी माणसं बोलतायत."

"नाही बसणार."

"काल काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं. मी गप्प राहणार नाही आणि श्रीखंडही नेणार नाही. ती मेल मी लिहिली, आणि त्यातली प्रत्येक ओळ माझ्या मामांची आहे. बोट त्यांची, सिगारेट त्यांची, मिठी त्यांची. तुम्ही सगळे त्यांना वीस वर्षं ओळखता. तरी कुणाला त्यांची आठवण झाली नाही! मेलमध्ये नाव नव्हतंच. 'आपल्यातला नाही' म्हटल्यावर कांबळेताईंचं नाव तुम्ही घातलंत. का घातलंत? बघा, मीही फक्त प्रश्न विचारतेय."

मामा बुटांकडे पाहत होते. नेनेकाकांनी माइक उचलला, परत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढी म्हातारी मंडळी एकदम गप्प केली होती! मान ताठ करून, शाबासकीच्या आशेनं मी कांबळेताईंकडे वळले.

त्यांनी शांतपणे मला खाली बसवलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू मामांचा प्रचार कर गं. म्हणजे मी नक्की निवडून येईन."