तात्यांच्या आरशातलं कोल्हापूर

तात्या गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं उचगावहून केला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. "येतो," म्हटलं आणि चपला घातल्या. आमच्या संग्रहालयातल्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह त्यांच्याइतक्या मायेनं कुणी हाताळल्या नाहीत, आणि त्यांच्याकडून त्या काढून घेतल्या गेल्या माझ्यामुळं... महिना झाला, आज हे लिहून काढतोय.

मी तात्पुरता लागलो तेव्हा ते फोटो विभाग बघायचे. बोलणं रांगडं, बोटं मात्र सोनाराची. "तिरकी धर की! चकाकती ती नुसती काच, मंद दिसती ती चित्राची बाजू. तीच कागदाला लागाय पायजे." शंभरदा सांगितलं असेल. तरी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरातल्या बाजाराची काच मी घाईत पालथी ठेवून फोटो छापला. माझ्यावर विश्वास टाकून तात्यांनी तो त्याच काळातल्या, हस्तिदंती नक्षीच्या चंदनी चौकटीत बसवला आणि मागून कायमचा बंद केला. पुन्हा उघडली तर नक्षी तडकणार. फोटो दालनात लागला आणि आठवड्यात एक म्हातारे पावणे त्याच्यासमोर थबकले. "ओ, आमचं घर डाव्या अंगाला हाय की. हितं उजवीकडं कसं गेलं?"

अख्खा बाजार उलटा! साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी तोंड उघडणार तोच तात्या म्हणाले, "माझीच चूक, साहेब." बाहेर येऊन मी रडवेला झालो, तर माझ्यावरच खेकसले, "गप! तू अजून कायम व्हायचाईस. मी जुनं खोड, मला कोण काढतंय?" काढलं नाही. पण निगेटिव्हच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि चांदीच्या अत्तरदाण्या-गुलाबदाण्यांच्या दालनात, त्या फोटोसमोरच, खुर्चीवर राखणीला बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. ती किल्ली पुढं माझ्याकडं आली.

तेव्हापासून तात्या खिशात दाढीचा छोटा आरसा बाळगायचे. कुणी त्या फोटोपाशी रेंगाळलं की उठून जायचे. "पावणं, पाठ करून हुबं ऱ्हावा, आन् ह्यात बघा. आता दिसतंय का न्हाय सरळ?" लोक हसायचे, तेही हसायचे. मी दाराआडून बघायचो... पुढं व्हायची छाती कधी झाली नाही.

शोकसभेत नव्या साहेबांनी हाच किस्सा रंगवला. "कोल्हापूर उलटं करणारे आमचे तात्या!" सगळे हसले. मीही हसलो. लिहिताना लाज वाटते. त्यांची मुलगी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

सभा संपल्यावर तिनं तो आरसा माझ्या हातात दिला. "बाबांनी तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं." काल दालन रिकामं होतं. फोटोकडं पाठ करून मी आरसा धरला. बाजार सरळ दिसला, त्या पावण्यांचं घर डाव्या अंगाला. आणि अर्ध्या आरशात माझं तोंड. ती काच पालथी मी ठेवली होती, तात्यांनी नव्हे.