अध्यक्षांच्या बंगल्याची पडवी

भिवंडीतल्या त्या कॉलेजच्या आवारात संस्थेच्या अध्यक्षांचा जुना कौलारू बंगला आहे. त्याची झाडलोट आणि किल्ल्या एकवीस वर्षं द्रौपदीबाईंकडे. त्याआधीची बारा वर्षं त्यांनी कापडाच्या लूमवर काढली. कान निम्मे तिथल्या खडखडाटातच राहिले. पहाटे बुद्धवंदना करायची आणि मग पडवीचं जाळीचं दार उघडायचं, हा त्यांचा नेम. परीक्षेच्या दिवसांत पडवी मुलांची, असं पहिल्या अध्यक्षांनीच सांगून ठेवलं होतं. घराखाली लूम खडखडत असताना पोरं अभ्यास करणार तरी कशी?

बरीच वर्षं बंगल्यात कुणी राहतच नव्हतं. यंदा नवे अध्यक्ष राहायला आले आणि चौथ्याच सकाळी त्यांच्या पत्नी रंजिताताई डोकं धरून बाहेर आल्या.

"द्रौपदीबाई, हा काय बाजार मांडलाय? उद्यापासून पडवीला कुलूप!"

"बाजार? कुठं हाय?" द्रौपदीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. सात-आठ मुली पुस्तकांत डोकं घालून बसलेल्या. निजामपुऱ्याची मदीहा रसायनशास्त्र घोकत होती; इतक्या खड्या आवाजात, की फाटकाबाहेरचा रिक्षावालाही पास झाला असता.

"मॅडम, पोरी वाचतायत. शांत तर हाय सगळं."

"तुम्ही ओरडू नका माझ्यावर!"

"मी कुठं ओरडते?" द्रौपदीबाई ओरडल्याच.

मदीहाचं तोंड उतरलं. बारावीचा पेपर सहा दिवसांवर आलेला. "मावशी, आता मी कुठं बसू?"

द्रौपदीबाईंचा जीव कासावीस झाला. भांडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी रंजिताताईंपुढं चहा ठेवला. "लावते कुलूप. पण हिच्या अम्मीला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"सांगते की. त्यात काय!"

रिक्षा करून तिघी निजामपुऱ्यात गेल्या. खाली लूम, वर एक खोली. जिन्यात पाय ठेवला तशी पायरी तळव्याखाली थरथरली. वर मदीहाची अम्मी आबिदा भाकरी थापत होती. रंजिताताईंनी मऊ आवाजात सांगितलं. आबिदानं मान वाकडी करून कान पुढं केला. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी रंजिताताई गळ्याच्या शिरा ताणून ओरडल्या, "पडवी बंद करायचीय!"

आणि स्वतःच दचकून तोंडावर हात धरला.

"या ना, बसा," आबिदा तशाच वरच्या पट्टीत म्हणाली. "हळू बोललं तर इथं कुणाला कळतच नाही. कशी बंद करता? पोर पहाटेची उठून धावत येते तुमच्याकडं."

रंजिताताई बसल्या. गरम भाकरी खाल्ली. बंगल्याशी उतरल्यावर म्हणाल्या, "मागची खोली झाडून द्या, द्रौपदीबाई. आम्ही तिकडं झोपू. पडवीलगतच्या खोलीतला पलंग तेवढा हलवायला हवा."

पलंग शिसवी, जुना, जडशीळ. त्याला सगळ्या मुली लागल्या. दारात अडकला, पुन्हा मागं घेतला, एकदाचा पार झाला. घामाघूम पोरी पाणी प्यायल्या आणि पडवीत येऊन आपापल्या जागी पुस्तकं उघडून बसल्या.