फकरुद्दीनने उसवलेलं कापड

दाभोळच्या फकरुद्दीनने सौदीतल्या दम्मामात इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, सव्वीस वर्षं खुर्च्या-सोफे मढवले, पण अर्धं काम करून माल कधी परत पाठवला नाही. ती खोडच या वेळी नडली. कफीलने, म्हणजे ज्याच्या जामिनावर तो परवाना टिकून होता त्या अरबी मालकाने, आपल्या वारलेल्या वडिलांची साठ वर्षांपूर्वीची डच आरामखुर्ची पाठवली होती, ती फक्त डुगडुगणाऱ्या पायासाठी. म्हातारा जिथे रोज डोकं टेकायचा, तिथला तेलकट डाग फकरुद्दीनला बघवेना. त्याने सगळं कापडच नवं चढवलं.

कफील आला, खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि हळू आवाजात विचारलं, "जुनं कापड?"

"डाग निघतच नव्हता, साहेब. सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकलं."

कफीलने वाकून पाठीच्या नव्या कापडाला नाक लावलं. मग सरळ होऊन त्याने हात पुढे केला.

"इकामा दे."