सुपावरून उठलेली शकुनबाई

आमच्या पवनीत विड्या बांधणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण शकुनबाईइतका चपळ हात मी पाहिला नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओलसर कापडात गुंडाळलेला तेंदूचा पत्ता. पत्ता कापायचा, तंबाखू भरून गोल वळायचा, टोक दुमडून धागा बांधायचा. परकर घालायच्या वयात आईकडून शिकलेलं हे काम तिनं साठीला टेकूनही सोडलं नव्हतं. नवरा श्यामराव बाजारात भाजी विकायचा, मुलगा सूरज साकोलीला कापडाच्या दुकानात होता. घरात सून रिता आणि शकुनबाई.

इतकी वर्षं सुपावर वाकून तिच्या पाठीचा वरचा भाग गोल झाला होता आणि मान पुढं आली होती. रस्त्यानं चालायची ती जमिनीकडं बघत. ओळखीचं माणूस ती त्याच्या चपलेवरून ओळखते, असं श्यामराव गमतीनं म्हणायचा. तीही हसायची. पाठ दुखायची, पण विड्या बांधणाऱ्या सगळ्याच बायकांची दुखते, तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नसे.

एका हिवाळ्यात सकाळी नळाचं पाणी भरताना ती भरलेला पितळी गुंड उचलायला वाकली आणि तिथंच अडकली. वर येता येईना, खाली बसता येईना. रिता आणि शेजारची पंचफुला, दोघींनी धरून तिला खाटेवर आणलं. पंचफुला तिची लहानपणापासूनची सोबतीण. दोघी एकाच ओसरीवर बसून विड्या बांधायला शिकल्या होत्या.

श्यामरावानं तिला भंडाऱ्याला नेलं. पाठीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले की मणक्याला मोठा धोका नाही, ऑपरेशन वगैरे काही लागणार नाही. पण पाठीचे स्नायू आखडून गेलेत, असंच वाकून बसत राहिलात तर पुढं उठणं अवघड होईल. गोळ्या थोड्याच दिवस घ्या, दुखणं उतरलं की योगासनं शिका. परतीच्या बसमध्ये शकुनबाई नवऱ्याला म्हणाली की हे टीव्हीवरच्या लोकांचं काम आहे, लुगडं नेसणाऱ्या बाईचं नाही.

ती कधीच गेली नसती. रिता तिला घेऊन गेली. गावातल्या आरोग्य केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये सकाळी योगाचा वर्ग असायचा. शिकवणारी प्रतिक्षा रिताच्याच वयाची. तिची आईही विड्या बांधायची, त्यामुळं शकुनबाईची पाठ पाहून तिनं फारसं विचारलं नाही. आधी नुसतं उताणं झोपायला सांगितलं.

आणि तेच जमेना. शकुनबाई चटईवर झोपली, तर डोकं जमिनीला टेकेना. मान अधांतरी राहिली, हनुवटी वर गेली. बाजूच्या बायका बघत होत्या. ती उठून बसली, पदर सावरला आणि घरी जाते म्हणाली. प्रतिक्षानं कोपऱ्यातली चादर घेऊन तिची जाड घडी केली आणि डोक्याखाली ठेवली.

"आता टेकवा, मावशी. आज एवढंच. पाय दुमडा अन् श्वास घ्या."

शकुनबाई तशीच पडून राहिली. तिनं नंतर रिताला सांगितलं की डोळे पुसायला हात वर न्यायचीही तिला लाज वाटली.

पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून निघाली. हातगुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ मांजरीसारखी वर-खाली करायचं आसन आलं, तेव्हा तिला हसू फुटलं. अंगण सारवताना आपण असेच तर बसतो. भुजंगासनात बाकीच्यांची छाती वर उठायची, हिचं फक्त नाक चटईपासून सुटायचं. प्रतिक्षा म्हणायची, नाक तर नाक. डोक्याखालची घडी मात्र हळूहळू पातळ होत गेली. चादरीच्या जागी टॉवेल आला.

उन्हाळ्यात दुखणं जवळजवळ थांबलं आणि शकुनबाईनं वर्ग सोडला. बरं झालं, आता कशाला, असं तिचं म्हणणं. लग्नसराई होती, पाहुणे होते, त्यात मागं पडलेलं विड्यांचं काम तिनं दिवसदिवस बसून उरकलं. मग एक दिवस सुपावरून उठताना पाठ पुन्हा धरली.

परत जायचं म्हणजे तोंड दाखवायची पंचाईत.  प्रतिक्षानं पुन्हा चादरीची घडी केली. या वेळी मात्र तिनं शकुनबाईला घरी कशी बसते ते करून दाखवायला लावलं. मग ठरलं की पाठ भिंतीला लावून बसायचं, सूप मांडीवर न ठेवता लाकडी पाटावर उंच ठेवायचं आणि थोड्या थोड्या वेळानं उठून भिंतीशी उभं राहून हात वर ताणायचे. सुरुवातीला हात मंदावले, विड्या कमी झाल्या. श्यामराव म्हणाला, होऊ दे कमी.

पावसाळा संपता संपता एका सकाळी तिचं डोकं काहीही न घेता जमिनीला टेकलं. चटईखालची फरशी गार लागली. ती हलली नाही. वर छताचा पंखा बंद होता, त्याच्या पात्यांकडं ती बराच वेळ बघत राहिली. घरी येऊन तिनं हे कोणाला सांगितलं नाही, सरळ पंचफुलाकडं गेली.

पंचफुलाची पाठ आता हिच्याहून वाईट होती. नवरा हिरालाल घरातलं पाणी भरायचा, ती दारातसुद्धा यायची नाही. शकुनबाईनं किती वेळा वर्गाला चल म्हटलं होतं, पण ती हो म्हणायची आणि यायची नाही. त्या दिवशीही ती सूप घेऊन बसली होती.

"मले नोको सांगू वो शकुन," ती म्हणाली. "आपली पाठ आता मेल्यावरच सीधी होईन."

 शकुनबाईनं तिचं सूप उचलून बाजूला ठेवलं, खाटेवरची वाकळ खाली अंथरली आणि स्वतः तिच्यावर उताणी झोपली. डोकं टेकलेलं, हात दोन्हीकडं पसरलेले. पंचफुला बघतच राहिली. ही पाठ तिनं लहानपणापासून वाकताना पाहिली होती.

"मी जित्तीच हावो," शकुनबाई पडल्या पडल्या म्हणाली. "ये, झोप बाजूले."

पंचफुला कण्हत कण्हत खाली आली. तिचं डोकं टेकेना, म्हणून शकुनबाईनं स्वतःच्या पदराची घडी करून खाली सरकवली. दोघी बराच वेळ तशाच पडून होत्या. हिरालाल पाण्याची बादली घेऊन आत आला, काय झालं म्हणून घाबरला आणि मग दोघींचं हसणं ऐकून बादली तिथंच ठेवून बाहेर गेला.

यालाही आता दोन वर्षं होतील. सकाळी बुद्धविहाराच्या अंगणात गल्लीतल्या बायका आसनं करायला जमतात, प्रतिक्षा सवडीनं येऊन बघून जाते. एरवी शकुनबाईच सांगते, आणि कोणी घाईनं जास्त वाकलं की रागावते, कारण घाई केलेली आहे तिनं. तिची पाठ पूर्ण सरळ झालेली नाही, होणारही नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ढगाळ दिवशी ठणकते. विड्या ती अजून बांधते, पहिल्यापेक्षा कमी.

मागच्या दिवाळीला ती शिवायला टाकलेला ब्लाऊज आणायला जागेश्वर शिंप्याकडं गेली. जुन्या मापानं शिवलेला ब्लाऊज पाठीवर ढगळ झाला आणि पुढून वर चढला. जागेश्वर पट्टी घेऊन पुन्हा मापायला लागला आणि आपलंच चुकलं म्हणून वरमला. माप नाही, पाठच बदललीय, हे शकुनबाईनं त्याला समजावलं नाही. फक्त म्हणाली, "पुढून थोडा लंबा ठेव, भाऊ," आणि बाहेर उभ्या असलेल्या पंचफुलाबरोबर चहा प्यायला गेली.