पेटी नेली, पाटही नेला

राजुऱ्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी असतानाची एक चोरी अजून माझा पिच्छा सोडत नाही. खून, दरोडे, कोळशाचे ट्रक, सगळं करून झालं. त्यातले बरेच चेहरे आता पुसट झाले. ही चोरी मात्र केव्हाही विचारा, बसल्या जागी सांगतो. नावं घेणार नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदारासमोर एक वयस्क जोडपं येऊन उभं राहिलं. गावात सगळे त्यांना चाचा आणि चाची म्हणत. चाचांचा सदरा कडक इस्त्रीचा, आणि भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चाचीच बोलत होत्या.

"साहेब, याइची पेटी चोरीले गेली. काल शुक्रवारच्या नमाजले हे गेले, मी बाजारात. आली तं कोपरा खाली."

पेटी म्हणजे हार्मोनियम समजून अंमलदार लिहायला लागला. चाचांनी त्याचा हातच धरला. पेटी म्हणजे सिंथेसायझर होता. विजेवर चालणारा, लोखंडी अंगाचा, जुन्या जमान्यातला. चाचा ऑर्केस्ट्रात गायचे. राजुऱ्यापासून जिवतीच्या डोंगरापर्यंत आणि सीमेपलीकडेही लग्नाच्या मांडवात त्यांचा आवाज घुमलेला. मग गळ्याचा आजार निघाला. ऑपरेशन केलं तर आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तेव्हा या माणसानं काय केलं? ऑपरेशनच्या आधी तो पेटीसमोर बसला. बटणं फिरवत, स्वतः गात, पुन्हा बटणं फिरवत, आपल्या गळ्यासारखा वाटणारा एक आवाज त्या यंत्रात तयार करून ठेवला. आतल्या एका छोट्या सेलवर तो आवाज टिकून होता. ऑपरेशननंतर चाचा त्याच आवाजात पेटीवर गायचे.

"घरातबी तेच वाजवून बोलतात साहेब," चाची म्हणाल्या. "च्या पाह्यजे तं एक सूर, मी कुठी दिसली नाई तं दुसरा. कालपासून घर मुकं झालं."

मी चाचांच्या तोंडाजवळ कान नेला. कुजबूज ऐकू आली, "साहब, मेरा गला ला दो."

मी लगेच गुन्हा दाखल केला नाही. अर्ज चौकशीवर ठेवला आणि स्वतः घर पाहायला गेलो. कडीकोयंडा शाबूत होता; दोघं नुसती कडी लावून जायचे, कुलूप नसायचंच. भिंतीतल्या सॉकेटमध्ये काडेपेटीच्या दोन काड्या खुपसलेल्या, आणि सॉकेट काळं पडलेलं. पेटीच्या वायरीला पिनच नव्हती. उघड्या तारा सॉकेटात घालायच्या आणि काड्यांनी दाबायच्या, असा कारभार. मी कपाळाला हात लावला.

"आणखी काय गेलं?" मी विचारलं.

"पाट गेला," चाची म्हणाल्या.

"कसला पाट?"

"लाकडाचा. जेवाले बसाचा नाई का, तसा. पेटी करंट मारते ना. पायाखाली पाट आन् पायात रबरी चप्पल, तवाच हे हात लावत."

आता मला सांगा, नोकरीत नाना तऱ्हेचे चोर पाहिले. नळाच्या तोट्या नेणारे पाहिले, मंदिरातली घंटा नेणारा पाहिला. जेवणाचा जुनाट पाट नेणारा चोर पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हणजे नेणाऱ्याला त्या पेटीची खोड पक्की ठाऊक होती. मी चाचांना विचारलं, कार्यक्रमात पाट कोण मांडायचं? त्यांनी दोन्ही हातांनी हवेत ढोलकी वाजवून दाखवली आणि लगेच जोरजोरात मान हलवली. तो नव्हे, तो असं करणार नाही.

हा ढोलकीवाला जिवतीकडच्या एका पाड्यावरचा गोंड शेतकरी. तरुणपणापासून चाचांच्या जोडीला. त्यांच्यात एक रिवाज होता. आधी तो पाट मांडायचा, त्यावर स्वतः उभा राहून पेटीला हात लावून पाहायचा, मग चाचांना बोलवायचा. मांडव कोणाचाही असो, त्याशिवाय कार्यक्रम सुरू व्हायचा नाही.

दुपारी खबर आली. जिवती रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवणारा एक ड्रायव्हर माझा खबऱ्या होता. म्हणाला, "साहेब, काल एक मानूस गोधडीत काईतरी गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता. वरतं टाक म्हटलं टपावर, तं म्हने, नाई, पेशंट हाय."

शिपाई पाठवून ढोलकीवाल्याला गोधडीसकट ठाण्यात आणला. बाकावर बसवला. पन्नाशी ओलांडलेला, काटक, मान खाली. मी गोधडी उघडली. पेटी उघडी पडली होती. स्क्रू काढलेले, वायर मुळापासून कापलेली. सोबत एक नवी कोरी, पिन लावलेली तीन तारांची वायर आणि तो पाट.

"हो, मीच नेली," तो म्हणाला. नाकारलंच नाही काही.

"विकायला?"

"नाई."

"मग?"

गप्प. आमचा हवालदार आवाज चढवू लागला, त्याला मी बाहेर धाडला. पाणी दिलं. तरी गप्पच. शेवटी म्हणाला, "साहेब, मले आत टाका. पन मी पेटी खोलली हे त्याले सांगू नका."

वयानं मोठ्या माणसाला आमच्याकडे भाऊ म्हणतात, बाकावर बसलेला असला तरी. मी त्याच्या शेजारी बसलो. "भाऊ, पाट काऊन नेला तेवढं सांगा."

त्यावर मात्र त्याचा बांध फुटला.

"वायर लावली का चालू करून पाहाची होती ना. पाटाबिगर कशी चालू करू? साहेब, मागल्या लग्नात मांडवात पानी सांडलं होतं. पाट भिजला. त्याचा हात पेटीले चिपकला. अंग थरथरून राह्यलं, डोये फिरले, आन् तोंडातून आवाज नाई. मी बाजूलेच, आपल्याच ठेक्यात. पेटीचा सूर एकच लांबून राह्यला म्हून मान वर केली. ढोलकी हानून वायर उपटली तवा सुटला." त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "पयले करंट लागला का आईमाईवरून शिव्या देत होता. सारा मांडव हासे. आता त्याले ओरडताबी येत नाई साहेब. घरी एकटा असला आन् धरलं त्यानं, तं कोनाले समजन?"

मी त्याला उरलेलंही सांगायला लावलं.

वायर बदलू म्हणून त्यानं चाचांना हजारदा सांगितलं होतं. चाचा पेटीला स्क्रू ड्रायव्हर लावू देत नव्हते. फार पूर्वी एका मेकॅनिकनं ती उघडली होती, तेव्हा आतले सगळे आवाज पुसले गेले होते. आता पुसला गेला तर पुन्हा बनवायला गळा कुठून आणणार? म्हणून यानं चोरून नेली. बिचाऱ्यानं वायर कापली, झाकण काढलं, तो छोटा सेल पाहिला आणि आवाज याच्यावरच टिकून आहे हे त्याच्या ध्यानात आलं. पुढं काम होईना, परतही नेता येईना.

मी चाचा-चाचींना बोलावून घेतलं. उघडी पेटी पाहताच चाचांचा चेहरा राखेसारखा झाला. टेबलावर मूठ आपटू लागले, ओठ भराभर हलू लागले, नुसती हवा. ढोलकीवाला त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मला सांगितलं तेच, त्याच शब्दांत त्यानं त्यांना सांगितलं. चाचींनी पदर तोंडाला लावला. चाचांची मूठ हळूहळू सैल झाली. त्यांनी ती नवी वायर उचलून माझ्या हातात दिली.

आमच्या वायरलेसच्या हवालदाराला डागकाम, म्हणजे सोल्डरिंग, येत होतं. त्यानं जुन्या वायरीचे तुकडे काढले. नवी वायर मागच्या भोकातून आत घेतली, ओढली तरी निसटू नये अशी आत बांधली, दोन तारा जागच्या जागी डागल्या आणि तिसरी हिरवी तार, अर्थिंगची, लोखंडी अंगाला स्क्रूनं कसली. तेवढा वेळ ढोलकीवाला त्या सेलवर आडवा तळहात धरून उभा होता. डागणीचा चटका बसला तरी हात हलवला नाही.

झाकण बसलं. पिन लागली. बटण दाबलं, दिवा लागला. चाचा हात पुढं करून थांबले, त्यांचा धीर होईना. चाचीच म्हणाल्या, "लावा ना हात. जे असंन ते असंन."

त्यांनी एक पट्टी दाबली. आवाज निघाला. मी चाचांचं गाणं कधी ऐकलं नव्हतं, मला काय कळणार? पण चाची मटकन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "हेच. असेच बोलत होते."

मग चाचांनी ढोलकीवाल्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी जे सुरू केलं, ते गाणं नव्हतं. वर चढायचं, खाली आपटायचं, पुन्हा वर. ढोलकीवाला मान खाली घालून ऐकत होता, गालावरून पाणी वाहत होतं आणि हसत होता.

"काय वाजवतात हे?" मी विचारलं.

"शिव्या देऊन राह्यला साहेब," तो म्हणाला. "देऊ द्या. लई दिवसाच्या राह्यल्या होत्या."

गैरसमजातून अर्ज दिला, वस्तू मिळाली, तक्रार नाही, असा जबाब घेऊन मी प्रकरण बंद केलं. चौकशीत गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवतो, हे मी तोवर धरून चाललो होतो. त्यानंतर समोरचा गप्प बसला की मी आधी विचार करतो, हा वाचवतोय कोणाला? बऱ्याच वेळा तिथूनच तपास पुढं सरकला.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाला चाचा आणि ढोलकीवाला दोघंही आले. चाचांनी भरपूर वाजवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी एक लांबलचक, वेडावाकडा तुकडा झाला, त्यावर मीही जोरात टाळी दिली. ढोलकीवाला माझ्या कानाशी वाकला.

"साहेब, हे गानं नोहे. आता तुमाले शिव्या देऊन राह्यला. काऊन जाता म्हने."